मनोरा क्रमांक ७७१९

"अजून किती लांब?"

बाबांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी नेमकी माझ्या आणि स्क्रीनच्या मधे धरली. यान तेव्हा दगडांच्या एका पट्ट्यातून चाललं होतं आणि मला पाटीशिवाय काही दिसेना.

"बाबा, बाजूला घ्या हो! आपटेल ना!"

त्यांनी पाटी बाजूला घेतली, पण पेन्सिलीनं त्याच प्रश्नावर परत टकटक केलं. एकतीस वर्षं रेडिओवर काढलेला माणूस. 'येईलच आता' असलं उत्तर त्यांना कधीच चालायचं नाही, मिनिटं सांगावी लागायची.

"वीस मिनिटं. फार तर पंचवीस."

"काल पण वीसच होती," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढ्यात माणूस औरंगाबादला जाऊन परत परभणीला आलं असतं."

"तू कुठं बघतेस पण?"

"मी कशाला बघू? मला काय कळायलंय त्यातलं?" असं म्हणत ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तीन दिवस झाले, ती अशीच न बघता दारात उभी होती.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे आणि घरी आले की गेम खेळायचे. माझ्याबरोबरच्या मुली लेकरांना शाळेत सोडायला लागल्या होत्या आणि मी यानं उडवत होते, हे आईचं कायमचं दुखणं. तिनं ते सगळ्या आळीला सांगून झालं होतं. मला काही फरक पडत नव्हता. मला त्या वर्षी फक्त एकाच गोष्टीची वाट होती, ती म्हणजे 'फार मेरिडियन' ही नवी गेम. जगभर लाखो लोक तिच्यासाठी खोळंबले होते. अख्खं अंतराळ, अब्जावधी ग्रह, एकासारखा दुसरा नाही, आयुष्यभर फिरलात तरी संपणार नाही, अशी जाहिरात. मीही भुलले. चांगली शिकलेली, कॉम्प्युटर कोळून प्यायलेली बाई, पण भुलले.

माझे वडील विश्वंभर सोनपेठकर. रेडिओवर निवेदक होते. सकाळी सहाला केंद्राची पहिली सभा, म्हणजे दिवसाचं प्रसारण, उघडायची ती त्यांच्या आवाजानं. भाजीवाली मान वर न करता, नुसत्या 'मेथी कशी दिली?' वरून ओळखायची. "साहेब, आज उशीर केला जी," म्हणायची आणि चार काड्या जास्तीच्या टाकायची. तो आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही, आणि तीच तर या गोष्टीची पीडा आहे.

"तुमचं एखादं जुनं रेकॉर्डिंग नाही का हो?" मी लहानपणी विचारलं होतं.

"नाही. बरंचसं थेटच जायचं. आणि टेपवर घेतलेलं असलं, तर प्रसारण झालं की टेप कोरी करून परत द्यायची. टेपा मोजक्या असायच्या."

"सगळं पुसायचं?"

"नुसतं पुसून नाही चालत. वरून शांतता भरायची. पुढच्या माणसाच्या मागे आधीचा माणूस ऐकू येता कामा नये."

हे सांगताना त्यांना केवढा अभिमान! जसं काही टेप कोरी करणं हीच कला, आणि बोलणं आपलं असंच.

घरी मात्र हा माणूस मोजकं बोलायचा. आई म्हणायची, "सगळ्या जिल्ह्याशी बोलून येतात. मग घरात काय उरणार?" लग्नानंतर महिन्याभरातच ती त्यांचा डबा घेऊन केंद्रावर गेली होती. काचेपलीकडं नवरा बसलेला. तिनं काचेवर टिचकी मारली, हात हलवला. यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "प्रक्षेपण चालू होतं, लाल दिवा लागला होता. लाल दिवा लागला की मी कुणाचाच नसतो." ही गोष्ट आई पाहुण्यांना हसत सांगायची. तिचं हसू जरा उशिरा संपायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाबांचा आवाज बसला. आधी आम्ही हळद-दूध केलं, मग गावातले दोन डॉक्टर, मग औरंगाबाद. तिथल्या डॉक्टरांनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही. गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल. तारीख मिळाली ती अठरा दिवसांनंतरची.

परत येताना गाडीत मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "बाबा, काहीतरी बोला ना. आमच्यासाठी. राहील."

"श्रोता कोण?"

"आम्ही. मी, आई."

"तुमच्याशी रोज बोलतोच की." मोबाइल त्यांनी हलकेच बाजूला सारला. "आणि हे असलं राहील-बिहील बोलू नकोस. मी काही मरायलो नाही."

"बोलतात म्हणे रोज," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण टोमणा सोडला नाही.

चार दिवस मी मागं लागले. ते ऐकेनात. आणि पाचव्या दिवशी 'फार मेरिडियन'वाल्यांची ती घोषणा आली. तुमचा आवाज पाठवा. जास्तीत जास्त तीन मिनिटं, कुठल्याही भाषेत. आमच्या अंतराळात ओसाड ग्रहांवर मनोरे उभे आहेत, एकेका मनोऱ्यात एकेक आवाज ठेवला जाईल. कुणीतरी प्रवासी कधीतरी तिथे उतरेल, मनोरा सुरू करेल आणि तुम्हाला ऐकेल.

मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते वर्तमानपत्र खाली ठेवून बसले.

"म्हणजे प्रक्षेपणच की हे."

"हो. तसंच."

"श्रोते कोण?"

"काय माहीत? कुणीही. जगातलं कुणीही, कधीही."

"दिसणार नाहीत?"

"नाही."

"असं होय," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना, मला मेलीला रडूच आलं. या माणसाला न दिसणारा श्रोताच हवा होता. मी पोटची पोर समोर बसून मागत होते, तर जमत नव्हतं.

रविवारी सकाळी रेकॉर्डिंग ठरलं. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना एक छोटा रेकॉर्डर दिला होता, तो काढला. रेकॉर्डिंग चालू असलं की त्यावरही एक बारीक लाल दिवा लागायचा. मधल्या खोलीच्या खिडकीला गादी उभी केली, दाराला दोन रजया. पंखा बंद. आईला सक्त ताकीद, कुकर लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही. शेवटी तर तिला बाहेर ओट्यावरच बसवलं. मलाही.

"तू ऐकायचं नाहीस, शाल्मली," त्यांनी मला बजावलं. "आणि तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवूनही घ्यायचं नाही. रेकॉर्डरातून थेट तिकडं. कबूल?"

"कबूल."

जन्मात पहिल्यांदा मी वडिलांना दिलेला शब्द अक्षरशः पाळला, आणि तोही नेमका हाच.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. शर्ट घामानं चिंब, डोळे लाल. आई ओट्यावरून उठली.

"काय बोललात एवढं?"

"ऐकशील."

"कधी?"

"प्रक्षेपण होईल तेव्हा."

"आता हे आणिक!" आई म्हणाली. "आयुष्य गेलं रेडिओला कान लावून. म्हातारपणी पण तेच." पण ती आत गेली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. लाजली होती. साठीची बाई, हो, लाजली होती. हे तिच्यासाठी बोललेत, हे तिला कळलं होतं. अंतराळातल्या प्रवाशांचं नाव, आणि सांगायचं बायकोला. सरळ सांगायचं या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

मी रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला आणि फाईल पाठवली. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे.

"गेलं?"

"गेलं."

"नक्की?"

"शंभर टक्के, बाबा! ही बघा पोच. नंबर पण आला. मनोरा क्रमांक सात हजार सातशे एकोणीस."

त्यांनी मान हलवली, वायर काढली आणि रेकॉर्डर घेऊन मधल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. आईनं चहाला दोन-तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही. "झोपले असतील," आई म्हणाली, "दमले बिचारे," आणि चहावर झाकण ठेवलं.

नंतरचे दिवस दवाखान्याचे. स्वरयंत्र काढलं. गळ्याच्या पुढे एक भोक राहिलं, त्यावर आई जाळीचा पांढरा रुमाल बांधायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र असतं, ते डॉक्टरांनी एकदा लावून दाखवलं. त्यातून आलेला तो घर्र आवाज ऐकल्यावर बाबांनी ते परत केलं, आणि येताना बाजारातून स्वतः एक पाटी घेतली. शाळेची, लाकडी चौकटीची. अक्षर त्यांचं मोत्यासारखं.

घरात आवाज उरला तो पेन्सिलीचा. आईचे टोमणेही कमी झाले. टोमण्याला उत्तर म्हणून पाटी आली की तिला भांडता यायचं नाही.

गेम जूनमध्ये यायची होती. मग ऑक्टोबर म्हणाले. शेवटी डिसेंबरात आली. दर वेळी तारीख पुढे गेली की आई मला विचारायची, "त्यांना फोन लावून बघ की. म्हणावं, घरात पेशंट आहे." आणि रात्रीच्या भाकरी थापताना मधेच, "किती मिनिटांचं आहे म्हणालीस?"

"तीन."

"तीन मिनिटं म्हंजे पुष्कळ की," ती म्हणायची.

तर अशी आमची वरात चालली होती मनोऱ्याकडे. त्या तीन दिवसांत मला एक कळलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. गेम भिकार होती. एकासारखा दुसरा ग्रह नाही म्हणे! सगळे तेच. तेच दगड, इथे तांबडे, तिथे हिरवे. तीच चार पायांची जनावरं, कुठे शिंगं लावलेली, कुठे काढलेली. इंटरनेटवर लोक आई-बहिणीवरून शिव्या घालत होते. मी ते पान उघडायचे आणि बंद करायचे. मला ग्रहांशी काय देणंघेणं? मला एकच मनोरा हवा होता.

"आला," मी ओरडले.

आई दारातून थेट माझ्या खुर्चीपाशी. बाबा पलंगावरून उठून उभे. करड्या मातीचा ग्रह, मधे एक काळा उंच मनोरा, पायथ्याशी आकडे. ७७१९. मी यान उतरवलं, चालत निघाले, आणि लाईट गेली.

"अगं बाई!" आई ओरडली.

"थांब, थांब, बॅटरीवर आहे, दहा मिनिटं चालतं!" टेबलाखाली बॅटरीचा डबा टीट-टीट ओरडत होता. मी मनोऱ्याच्या दाराशी गेले. एक बटण होतं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईनं डोक्यावरून पदर घेतला. घरात देवाची आरती लागावी तसा.

मी बटण दाबलं.

गुंऽऽऽ असा आवाज आला. लांबून, खालून, एकसारखा. आम्ही थांबलो. आता सुरू होईल, मग सुरू होईल. एक मिनिट. दोन. तीन. मनोऱ्याचा दिवा विझला.

"हे काय?" आई म्हणाली. "हे नव्हे. परत दाब."

मी परत दाबलं. परत तेच. मग बॅटरी संपली आणि स्क्रीन काळी झाली.

"लाईट गेल्यामुळं असेल," आई म्हणाली. "आल्यावर नीट लागेल. नाही का हो?" बाबांनी मान हलवली.

लाईट आल्यावर नीट लागलं नाही. शेजारच्या मनोऱ्यात गेले, तिथेही गुंऽऽऽ. दुसऱ्या ग्रहावर, तिसऱ्या ग्रहावर. त्याच संध्याकाळी मी इंटरनेटचं ते पान शेवटपर्यंत वाचलं. लोकांनी खूप बोंब मारल्यावर कंपनीनं खुलासा दिला होता, आणि तो खुलासासुद्धा एखाद्या मोठ्या आनंदाच्या बातमीसारखा. आपण सर्वांनी पाठवलेले चाळीस हजार आवाज एकत्र मिसळून आम्ही अंतराळाचा एकच नाद तयार केला आहे. प्रत्येक मनोऱ्यात तुम्ही सगळेच्या सगळे आहात.

मी बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी खूण करून हेडफोन मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत ते खुर्चीत बसून होते. डोळे मिटलेले. मनोरा विझला की माझ्याकडे बोट करायचे, मी बटण दाबायचे. चाळीस हजारांत स्वतःला हुडकत होते. आयुष्यभर कानानं काम केलेलं, त्यांना वाटलं असेल आपल्याला येईल. आई तीनदा येऊन गेली. चौथ्यांदा तिनं ताट आणून ठेवलं.

एक वाजता त्यांनी हेडफोन काढले, नीट गुंडाळून ठेवले आणि पाटीवर एकच शब्द लिहिला.

"खरखर."

रेडिओच्या माणसाची याहून मोठी शिवी नाही. आईनं पाटी वाचली आणि ताट उचलून आत नेलं.

मी कंपनीला अकरा ईमेल पाठवल्या. सगळं लिहिलं. वडील, स्वरयंत्र, एकच प्रत, कृपा करून मूळ फाईल तेवढी परत द्या. अकराही वेळा तेच उत्तर आलं. आमच्यावरच्या प्रेमाबद्दल आभार. माणसानं लिहिलेलंसुद्धा नव्हतं ते.

"मग त्या रेकॉर्डरात असेल की!" आई म्हणाली. हे तिनं म्हणण्याआधी आठ दिवस ते माझ्या मनात होतं आणि विचारायचं धाडस नव्हतं. मी बाबांकडे बघितलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, "कोरं केलं."

"का?" मी किंचाळलेच. "का बाबा? कुणाला परत द्यायचा होता तो रेकॉर्डर?"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "तू म्हणालीस, गेलं."

म्हणाले होते. मीच शंभर टक्के म्हणाले होते.

आई पाटीकडे बघत होती. मग अगदी हळू, इतक्या वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "बरं, आवाज राहू द्या. काय बोलला होतात ते तरी लिहून द्या. मी वाचीन."

बाबांनी पाटी पुसली. पेन्सिल टेकवली. कितीतरी वेळ टेकवून बसले. मग लिहिलं, "ते लिहिण्यासारखं नव्हतं," आणि पेन्सिल खिशात ठेवली.

आमच्याकडे काय उरलं होतं? मावसभावाच्या लग्नाची सीडी. त्यात बाबा एकदा "तिकडं पाणी फिरवा रे" म्हणतात आणि त्यावर बँड वाजतो. बास.

स्टेशन रोडला तौसीफ म्हणून एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता. माझा कॉम्प्युटर त्यानंच बांधून दिलेला. मी रेकॉर्डर घेऊन त्याच्याकडे गेले.

"ताई, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "डिलीट म्हंजे जात नाही काही. नुसतं नाव जातं, माल तिथंच असतो. वरून दुसरं काही भरलं नसेल, तर शंभर टक्के निघतं."

"वरून कोण काय भरणार? तेव्हापासून कपाटातच पडून आहे."

"मग झालं! अंकलचा आवाज मी पण लई ऐकलाय, ताई. माझे अब्बा त्यावर घड्याळ लावायचे. काढतोच."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "ताई, निघाली! एकच फाईल आहे, पण मोठी आहे. दोन तास दहा मिनिटं. घरातलं बोलणं आहे काहीतरी, मी पुढं नाही ऐकलं. घरचं आहे म्हणून बंद केलं."

दोन तास दहा मिनिटं! मी स्कूटी कशी चालवली मला आठवत नाही. वाटलं, तीन मिनिटांचं पाठवण्याआधी त्यांनी सराव केला असेल, परत परत बोलून बघितलं असेल. मी घरी येऊन आईला मिठीच मारली. "दोन तास आहेत, आई! दोन तास!"

"दोन तास?" आई म्हणाली. "अगं, एवढं तर ते अख्ख्या संसारात बोलले नाहीत."

तिनं गॅस बंद केला, हात धुतले, तोंड धुतलं, केसांवरून फणीसुद्धा फिरवली. बाबा पलंगावर बसले होते, पाटी मांडीवर. मी स्पीकर लावले, आवाज पूर्ण वाढवला.

सुरुवातीला काहीच नव्हतं. नुसती खोली. कुठेतरी रिक्षा गेली. खुर्ची कुरकुरली.

"विचार करायलेत," आई हसून म्हणाली.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. बाबांकडे माझं सहज लक्ष गेलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांनी पहिल्याच मिनिटाला ओळखलं असणार.

मग स्पीकरमधून लांबून, दाराच्या पलीकडून हाक आली. आईचीच.

"अहो! चहा झालाय."

समोर बसलेली आई दचकली. स्पीकरमध्ये पुन्हा शांतता. खुर्ची कुरकुरली. कुणीतरी श्वास घेतला. तो श्वास त्यांचा होता, इतक्या जवळून आलेला की अंगावर काटा आला.

"अहो! ऐकायलात का? चहा निवायलाय!"

शांतता.

"अहोऽऽ!"

मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. "झोपले असतील. दमले बिचारे."

आणि मग काहीच नाही. मी पुढे ढकललं. अर्धा तास, एक तास, दीड तास. घड्याळाचे बारा टोल. रेकॉर्डर गच्च भरेपर्यंत शांतता. तेव्हा मला कळलं. ते झोपले नव्हते. दार लावून, रेकॉर्डर समोर ठेवून, दोन तास दहा मिनिटं न हलता बसले होते. शिस्तीत, शिकवलं होतं तसं, वरून शांतता भरत. आणि शेवटी तीसुद्धा पुसून टाकली होती.

तीन मिनिटं त्याच्या खाली होती. आता नव्हती.

आईला हे मी काहीच सांगितलं नाही. तिला सांगावं लागलं नाही. ती बाबांकडे वळली.

"तुम्ही जागे होतात?"

बाबांनी मान हलवली.

"मी तीनदा हाक मारली. तीनदा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली-खाली गेला. "तेव्हा गळा होता तुमचा. नुसतं ओ द्यायचं होतं. एक ओ. तेवढं तरी त्याच्यात राहिलं असतं ना हो."

बाबांचे ओठ हलले. गळ्यावरच्या पांढऱ्या रुमालातून नुसती हवा आली. मग त्यांनी पाटी घेतली, आणि ते मोत्यासारखं अक्षर पहिल्यांदा वाकडं झालेलं मी पाहिलं.

"लाल दिवा होता."

आईनं ते वाचलं. उठली, आत गेली आणि चहा टाकला. थोड्या वेळानं नेहमीसारखी तिथूनच हाक मारली, "अहो, चहा झालाय." मग तिची तीच गप्प झाली आणि कप घेऊन बाहेर आली.